बंड्याचा गाल

काल रविवार. सकाळी बघतो तर आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज. डॉक्टर परगावी, भेट सोमवारीच. आई म्हणे हळद लाव, शेजारचे काका म्हणे दाबून पू काढ. डॉक्टरांनी मात्र फोनवर बजावलं: फोडायचं नाही, आणि माणसाची पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन अजिबात द्यायची नाही, कुत्र्याला बाधते.

मग दिवसभर कोमट पाण्यात पिळलेला सुती फडका, पाच-पाच मिनिटं. आधी गुरगुरला, तिसऱ्या खेपेला स्वतःच गाल पुढे. लबाड! चावताना कळवळायचा, म्हणून मऊ भात. रात्री ताप १०३ (कुत्र्याचं तापमान एरवीच १०१-१०२ फॅरनहाइट असतं). झोप कुणालाच नाही.

आज कळलं, वरच्या मोठ्या दाढेला तडा, मुळाशी पू. हाडं चघळायला मीच द्यायचो.