नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी कर्नल बघा

बेळगावातल्या शहापूरच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात कॉलेजची पोरं नवा लॅपटॉप घेऊन येतात आणि हमखास विचारतात, "उबंटू टाकू, मिंट टाकू की फेडोरा?" ही सगळी लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचीच रूपं. माझं उत्तर ठरलेलं. कुठलंही टाका, पण त्यातला कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा, कितव्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा. चार-पाच वर्षं जुन्या मशीनवर याने काही बिघडत नाही. बाजारात नुकत्याच उतरलेल्या मशीनवर मात्र गाडी इथंच अडते.

ताजं उदाहरण माझ्या भाचीचं. ती खानापूरहून रोज बेळगावला इंजिनिअरिंगला येते. तिच्या लॅपटॉपमध्ये एएमडीचा नव्या पिढीचा रायझन प्रोसेसर आणि मीडियाटेकचं वायफाय ७ चं कार्ड. मैत्रिणीकडून डेबियन १२ चा (हेही एक लिनक्सच) पेनड्राइव्ह आणून तिने तो लावून बघितला. "मामा, वायफायच दिसेना की! आणि अक्षरं बघा केवढी आलीत." ब्राइटनेसही कमी-जास्त होईना. लॅपटॉपच खराब निघाला असं तिला वाटलं आणि ती परत करायला निघाली होती.

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आतली कार्डं दाखवणारी कमांड चालवली तर कार्डाचा नंबर दिसला, १४सी३:७९२५. म्हणजे मीडियाटेक एमटी७९२५. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिनक्सच्या ६.७ कर्नलमध्ये आला, जानेवारी २०२४ मध्ये. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये, कर्नल ६.१ घेऊन. डेबियनवाले एका आवृत्तीत कर्नलचा मूळ नंबर शेवटपर्यंत तोच ठेवतात, त्यात फक्त दुरुस्त्या भरत राहतात. माझ्या बिलिंगच्या मशीनला हेच हवं असतं आणि म्हणूनच डेबियनवर माझा जीव आहे. पण जो ड्रायव्हर तेव्हा लिहिलाच गेला नव्हता, तो त्यात असणार कुठून? ग्राफिक्सचंही तेच. प्रोसेसरमधली चिप ओळखता आली नाही की कर्नल कामचलाऊ चित्र दाखवतो, म्हणून अक्षरं मोठी आणि ब्राइटनेस बंद. लॅपटॉप ठणठणीत होता.

मग डेबियन १३ चा पेनड्राइव्ह केला. ऑगस्ट २०२५ मधलं, कर्नल ६.१२. वायफाय लगेच दिसलं, अक्षरं जागेवर आली. एखाद्या मशीनला याहूनही नवा कर्नल लागला तर फेडोरा घ्यावं, ते कर्नल सतत पुढे नेत असतात. आणि वायफाय नसेल तेव्हा हातपाय गाळू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने देणं) चालू करा, बहुतेक वेळा काहीही न टाकता नेट मिळतं.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला बजावून सांगतो. नव्या विंडोज ११ मशीनवर डिस्क बऱ्याचदा आधीच एनक्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूटला (सही केलेलीच सिस्टिम चालू होऊ देणारी सोय) हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. डेबियन, उबंटू, फेडोरा सिक्युअर बूट चालू असतानाही बूट होतात, त्यामुळे ते बंद करायची सहसा गरजच नसते.

इन्स्टॉल करण्याआधी लाइव्हमध्येच, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच सिस्टिम चालवून, मी आवाज, कॅमेरा, टचपॅड बघतो आणि मग कीबोर्डवर येतो. आमच्याकडे हे फार महत्त्वाचं. एकच माणूस सकाळी कन्नडमध्ये अर्ज टाइप करून नेतो आणि दुपारी मुलीची मराठी लग्नपत्रिका करायला येतो. सेटिंग्जमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही जोडायचे, इनस्क्रिप्ट घ्यायचं, म्हणजे भारतीय भाषांसाठीची एकसारखी कीबोर्डची मांडणी. मराठीत के दाबलं की क येतो, सुपर (विंडोजचं बटन) आणि स्पेस दाबून कन्नडवर गेलं की त्याच बटनावर कन्नडचा क. बोटांना नवं काही शिकावं लागत नाही. मग 'दऱ्या' टाइप करायचं: द आल्यावर शिफ्ट-जे, डी, स्लॅश, शेवटी काना. ऱ्य नीट जुळला तर पुढचं काम निर्धास्त. भाचीच्या मशीनवर जुळला, लिबरऑफिसमध्येही आणि पीडीएफमध्येही.

मशीनच्या झोपेचा (स्लीपचा) प्रश्न मात्र राहिला. या नव्या लॅपटॉपांत पूर्वीची एस३ झोप, म्हणजे मेमरी सोडून जवळपास सगळं बंद करणारी, नसते. झोपेचे प्रकार दाखवणारी मेम_स्लीप ही फाइल उघडली तर आत एकटं एस२आयडल, म्हणजे हलकी झोप. झाकण मिटलं तरी मशीन अर्धवट जागंच राहतं आणि खानापूरच्या बसमध्ये बॅगेतल्या बॅगेत बॅटरी उतरते. हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद) करावं तर सिक्युअर बूट चालू असताना डेबियनचा कर्नल ते करू देत नाही. तिला सांगितलंय, घरी निघताना सरळ शटडाउन कर. एसएसडीवर परत चालू व्हायला वेळ लागत नाही.

फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी सिस्टिमही बाहेरच्या एसएसडीवर टाकून बघितलं, कारण तिला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मनापासून आवडतो. मीडियाटेकचं कार्ड त्याने ओळखलं नाही, पण फोन केबलने जोडल्यावर यूई० नावाने नेट आलं. ती एसएसडी आता तिच्याकडेच आहे, सुट्टीत कर्नल स्वतः कंपाइल करून बघणार म्हणते.