रेगे म्हणजे फक्त मार्ली नव्हे हो!

रेगे या जमैकन संगीतातली अजरामर गाणी काढायची म्हटलं की सगळे आधी बॉब मार्लीवरच जातात, आणि त्यात चूक काही नाही, 'नो वुमन नो क्राय'चं १९७५ चं लंडनमधलं लाईव्ह रेकॉर्डिंग ऐका, पब्लिक सोबत गायला लागतं तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो, स्टुडिओवालं त्यापुढे फिकं वाटतं (माझं मत, भांडू नका). पण डेसमंड डेकरचं 'इस्रायलाइट्स'? १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये नंबर वन गेलेलं, शब्द अर्धे कळत नाहीत तरी पोटासाठी राबणाऱ्या माणसाची कळ बरोब्बर पोचते. 'द मेटल्स' बँडचा गायक टूट्स, त्याचं 'प्रेशर ड्रॉप' तर हवंच. आणि जिमी क्लिफचं 'मेनी रिव्हर्स टू क्रॉस', ऑर्गन सुरू झाला की मी गप्पच.