आईचा अबोला आणि माझी मतं

"तुला काय हवंय?" असं कुणी सरळ विचारलं की मी अजूनही आधी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघते. भिंतीला कुठला रंग द्यायचा, सुट्टीत कुठे जायचं, कुठल्या नोकरीला हो म्हणायचं. प्रश्न लहान असो की मोठा, समोरच्याला काय आवडेल ते मला चटकन कळतं. स्वतःचं मात्र कळत नाही. आज दिवसभर हेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

आईने मला कधी मारलं नाही. आवाजसुद्धा क्वचितच चढवला असेल. लोकांना ती शिस्तीची आणि मायाळू वाटायची, आणि ती तशी होतीही. फक्त तिच्या मनाविरुद्ध काही झालं की ती बोलणं बंद करायची. घरातली कामं चालू, माझं हवं-नको बघणं चालू, पण मी समोर नाहीच असं वागणं. हा अबोला कधी संपायचा ते तिच्या हातात. शेवटी मी जाऊन माफी मागायचे, पुष्कळदा कशाबद्दल ते कळलेलं नसतानाही. मग ती जवळ घ्यायची आणि म्हणायची, "मला तुझ्याशिवाय आहे कोण?" तेव्हा इतकं हायसं वाटायचं की मुळात माझं म्हणणं काय होतं, तेच मी विसरून जायचे.

माझं खरं नुकसान तिथे झालं असं मला वाटतं. 'अमुक वाजायच्या आत घरी यायचं' हा नियम असतो. तो पटला नाही तर आपण कुरकुर करतो, कधी मोडतो, पण आपलं मन आपल्यापाशी राहतं. 'तुला असं वाटलंच कसं?' याला नियम म्हणता येत नाही. तिथे वाटण्यावरच हरकत असते. ब्रायन बार्बर या संशोधकाने १९९६ साली हा फरक नीट मांडला. मुलाच्या वागण्यावर लक्ष ठेवणं वेगळं. आणि अपराधी वाटायला लावून, प्रेम काढून घेऊन त्याच्या मनावर ताबा ठेवणं वेगळं. हे दुसऱ्या प्रकारचं नियंत्रण असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, असं नंतरच्या अनेक अभ्यासांतही दिसलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ रडले. मार नाही, शिवीगाळ नाही, मग तक्रार तरी कसली करायची, असं मी तोवर स्वतःला सांगत आले होते.

लहान मुलाला आई चुकते आहे असं मानणं परवडत नाही. त्याचं सगळं जगच ती असते. त्यापेक्षा आपलंच काहीतरी चुकतंय असं मानणं सोपं, कारण मग निदान सुधारता तरी येतं. मी सुधारत गेले.

आई माझी रोजनिशी वाचायची. चोरून नाही, उघडपणे. "आपल्यात काय लपवायचं?" असं म्हणायची. मग मी तिला आवडेल तेच लिहू लागले. त्या वह्या माझ्याकडे अजून आहेत. त्यांतली मुलगी गुणी आहे, सगळ्यांविषयी कृतज्ञ आहे, तिला कधीच कुणाचा राग येत नाही. तिचं अक्षर माझं आहे, एवढीच तिची न् माझी ओळख. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९६० साली अशा 'खोट्या स्व'बद्दल लिहिलं आहे. त्याच्या मते हा मुखवटा मूल लबाडीने चढवत नाही. आतलं खरं जपण्यासाठी तो तयार होतो. या म्हणण्याचा मला फार आधार वाटतो. म्हणजे त्या वहीतल्या शहाण्या मुलीच्या मागे जपण्यासारखं कुणीतरी होतं.

मोठेपणी काय व्हायचं हे मी लहानपणीच न अडखळता सांगायचे, आणि त्याचं भारी कौतुक व्हायचं. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली तरुणांच्या ओळखीच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत एक ही आहे: शोध न घेताच पक्की झालेली ओळख. अशी मुलं बाहेरून फार ठाम दिसतात. पुढे काही वर्षं मी सगळं आईच्या उलट करून पाहिलं, कपड्यांपासून मित्रमैत्रिणींपर्यंत. पण उलट करायचं तरी आधी तिला काय हवंय ते बघावंच लागतं.

लोक म्हणतात, तिला समजून घे, तिच्याही आयुष्यात खूप काही झालं असेल. झालं आहे, मला माहीत आहे. पण लहानपणापासून मी दुसरं केलं काय? तिच्या पावलांच्या आवाजावरून मला तिचा मूड कळायचा. आईला समजून घेण्यात मी कधीच कमी पडले नाही. मला समजून घ्यायला घरात कुणी उरलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हे लिहिताना हात थरथरतो आहे, तरी खोडणार नाही.

हळूहळू काही सापडतं आहे. मला एकांत आवडतो, हे फार उशिरा कळलं. आमच्या घरात दार लावून बसणं म्हणजे रुसणं असायचं. मला वाद घालायलाही आवडतो. कुणी काही विचारलं की हल्ली मी "विचार करून सांगते" म्हणते आणि त्या माणसापासून थोडं लांब जाते. चेहरा समोर नसला की उत्तर येतं. कधी दोन दिवसांनी येतं, पण माझं असतं.

नोकरी बदलायचं नक्की केलं आहे. उद्या आईला फोन करून सांगणार आहे. तिला विचारणार नाही. "मला विचारावंसंही वाटलं नाही का?" असं ती म्हणेल आणि मग बोलणं बंद करेल. या वेळी मी माफी मागायला जाणार नाही. रविवारी नेहमीसारखा फोन करेन. बोलली तर बोलू. नाही बोलली, तर पुढच्या रविवारी पुन्हा करेन.