पेठच्या शाळेत फिनलंडच्या दोघींबरोबर तीन आठवडे

दोन पाहुण्या, तीन सॅक, एक अवाढव्य सुटकेस आणि मी. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर पेठच्या गाडीत चढलो तर कंडक्टरकाका म्हणाले, "ह्या नक्की पेठलाच ना? त्र्यंबकची गाडी वेगळी असते." पेठलाच, म्हटलं. त्यांनी आम्हा तिघींकडे एकदा पाहिलं आणि सुटकेस मागच्या सीटखाली सरकवायला स्वतः उठले.

मी नाशिकच्या एका अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. (घरी अजून डी.एड.च म्हणतात.) आमच्याकडे यंदा फिनलंडहून दोन छात्राध्यापिका सराव पाठांसाठी आल्या. पहिले दोन दिवस नाशिकमध्ये, मग पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा. इंग्रजी बरं म्हणून त्यांच्याबरोबर माझी वर्णी लागली. पुढच्या वर्षी कोणाची तरी लागेलच, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कागदपत्रं, कारण आमचं घोडं तिथंच पेंड खात होतं. शाळेत पाठ घ्यायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक अशी खाली उतरत जाते. आमचं पत्र एका टेबलावर आठ दिवस नुसतं पडून होतं. दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका आणि दर आठवड्याला स्वतः जाऊन विचारा, फोनवर भागवू नका. दुसरं, परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणं ही घरमालकाची किंवा वसतिगृहाची जबाबदारी असते. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. पेठमध्ये आमची ज्यांच्याकडे सोय होती त्या काकूंना हे माहीतच नव्हतं. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो घेऊन रात्री साडेदहाला, रेंज शोधत गच्चीवर बसून मी ते केलं. व्हिसाबद्दल एवढंच सांगते, शाळेत सराव पाठ घ्यायला साधा पर्यटक व्हिसा चालतो असं गृहीत धरू नका. कुठला लागतो हे त्यांनी त्यांच्याकडच्या भारतीय दूतावासाला लेखी विचारावं आणि ते उत्तर छापून जवळ ठेवावं.

थंडी! फिनलंडच्या मुलींना पेठच्या जानेवारीचं काय, असं मलाही वाटलं होतं. पण त्यांच्याकडे बाहेर उणे वीस असलं तरी घर उबदार असतं. आपल्याकडे बाहेर दहा तर आतही दहाच, आणि फरशी त्याहून गार. पहिल्या रात्री दोघी स्वेटर, जाकीट, मोजे घालून आमच्या गोधड्यांत शिरल्या. जास्तीच्या दोन गोधड्या आणि एक सतरंजी न विसरता न्या. पाणी उकळून, तिखट बेतानं. शाळेतली खिचडी त्या रोज मुलांच्या पंगतीत बसून जेवल्या आणि त्यांना काही झालं नाही. पोट बिघडलं ते परतीच्या वाटेवर नाशिकच्या मिसळीनं. खिचडीचं त्यांना फार अप्रूपही वाटलं नाही. त्यांच्याकडे 1948 पासून शाळेत सगळ्यांना फुकट जेवण आहे.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. परिपाठाला चार मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून आलेल्या. ही कोण, म्हणून विचारणं आलंच. मी सांगायला लागले, 1848 साली पुण्यात मुलींची शाळा, अंगावर शेण, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्यासाठी घेतलेलं प्रशिक्षण, अहमदनगरला सिंथिया फरार या मिशनरीबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. "नॉर्मल स्कूल?" दोघींपैकी उंच होती तिनं मला थांबवलं. त्यांचे सराव पाठ होतात त्या विद्यापीठाच्या शाळेचं नावच मुळी ‘नोर्मालिकोउलु’! पॅरिसला 1794 मध्ये निघालेल्या ‘एकोल नॉर्माल’मुळे हा शब्द जगभर गेला. आपल्याकडून तो केव्हाच पुसला गेला, तिकडं टिकला. नमुना शाळा, पाठ कसा घ्यावा ते जिथं बघून शिकायचं ती. त्या दिवसापासून ती सावित्रीबाईंना ‘आपली सीनियर’ म्हणायला लागली.

आता पाठांकडे येते. माझं पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, सहा पानी. हर्बार्टची पंचपदी (पाठाच्या पाच पायऱ्या), प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, एका रकान्यात शिक्षककृती, दुसऱ्यात विद्यार्थीकृती, म्हणजे मुलं काय उत्तर देतील तेही आधीच लिहून ठेवलेलं. त्यांचं टाचण अर्धं पान. मला आधी वाटलं, तयारी नाही. मग कळलं, प्राथमिक शिक्षक व्हायला तिकडं पाच वर्षं जातात, पदव्युत्तर पदवीपर्यंत. या दोघी चौथ्या वर्षाला होत्या. मी बारावीनंतरचं दुसरं वर्ष. त्यांचं ते अर्धं पान चार वर्षांतून आलं होतं, तेव्हा त्यांचं बघून आपलं टाचण लगेच फाडू नका.

तिसरी-चौथीचा वर्ग, अपूर्णांक. दोघींपैकी उंच मुलीनं नागलीची एक भाकरी फळ्यासमोरच्या टेबलावर ठेवली, मुलांना विचारलं, "पाच जणांना सारखी कशी वाटाल?" मी मराठीत सांगितलं. वर्ग चूप. ती उभी. मी उभी. मनात दोन-तीन आकडे मोजले असतील नसतील, मला राहवेना. म्हणाले, "अरे, आधी मधून कापायची का? नाही ना? मग?" झालं. "नाहीऽऽ" असा कोरस आला आणि पाठाची माती झाली. संध्याकाळी तिनं शांतपणे विचारलं, "मी एवढंसं बोलले, तू एवढं काय सांगितलंस?"

आमच्या मानसशास्त्राच्या पेपरला हे होतं हो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं मी हे!

म्हणून जो कोणी दुभाषा म्हणून जाईल त्याला माझं पहिलं आणि कळकळीचं सांगणं हेच, की पाठ तुमचा नाही. प्रश्न जेवढा तेवढाच सांगा आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहा. आम्ही नंतर ठरवून घेतलं, तिनं दोन बोटं वर केल्याशिवाय मी तोंड उघडायचं नाही. आदल्या रात्री टाचणातले प्रश्न तिच्याबरोबर बसून मराठीत लिहून काढा. वर्गात उभ्या उभ्या भाषांतर केलं की हमखास उत्तर गळतं.

आणि माझ्या मराठीनंही पुरं पडत नव्हतं. पहिलीची मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, माझी पुस्तकी भाषा त्यांना अर्धीच कळायची. तिथं चौथीतली एक मुलगी आपण होऊन पुढं आली. इंग्रजीचं मी मराठी करायचं, मराठीचं ती कोकणा. ती मात्र कधीच उत्तर फोडत नसे. तिला कोणी पेपर लिहायला लावला नव्हता ना.

तिकडचं सगळं सोन्याचं असंही नाही. दुसऱ्या आठवड्यात दोघींपैकी दुसऱ्या मुलीनं अंगणात एक मोठा खेळ मांडला, चार गट, चार कोपरे. पण शाळा द्विशिक्षकी. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, इथं पट अडतीस, पहिली ते चौथी. सर तालुक्याला मीटिंगला गेले, मॅडम पोषण आहाराच्या नोंदीत गुंतल्या, आणि चारही इयत्ता त्या खेळात घुसल्या. दहा मिनिटांत दोघं रडत होते, एक जण झाडावर. मॅडम बाहेर आल्या, तिसरी-चौथीला पाढे लिहायला बसवलं, चौथीच्या दोघांना पहिलीवर नेमलं, दुसरीला गाणं लावून दिलं. आवाज न चढवता. उंच मुलगी वहीत भराभरा लिहून घेत होती. जोडवर्ग, म्हणजे एका शिक्षकाकडे अनेक इयत्ता, फिनलंडच्या खेड्यांतही असतात, पण त्यांच्या वाट्याला सरावात तो आला नव्हता.

पटावर अडतीस, हजर मात्र सव्वीस-सत्तावीस. बाकीची कुठं, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला. मी नाशिकची, द्राक्षं आयुष्यभर खाल्ली, पण हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं. जानेवारीत जाणार असाल तर हजर मुलं धरूनच साहित्य करा, आणि सोमवारी अचानक तीन नवी मुलं आली तरी पाठ चालेल असं टाचण ठेवा.

पहिल्याच दिवशी दोघींनी मुलांना सांगितलं, आम्हाला नावानं हाक मारा. त्यांच्याकडे तसंच चालतं. मुलं लाजून पाट्यांत तोंड लपवायला लागली. सरांनी तोड काढली, नावापुढं ताई लावा. तीन आठवडे सगळी शाळा त्यांना ताई म्हणत होती, मला मात्र मॅडम.

फोटोंचा प्रश्न निघेलच. मुलांचे चेहरे दिसतील असा एकही फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्या काढायला तयार नव्हत्या, आणि आपले लोक तर त्यांच्याबरोबर सेल्फीसाठी रांगेत. संमतीपत्र मराठीत करून न्या, पहिल्याच पालकसभेत वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. सेल्फीचं सरांनी एक दिवस ठरवून दिलं, 26 जानेवारी, झेंडावंदनानंतर. आणखी एक, विणकामाच्या सुया न्यायला सांगा. फिनलंडमध्ये 1866 पासून हस्तव्यवसाय हा शाळेचा सक्तीचा विषय आहे, मुलगे-मुली दोघांनाही. आपल्या कार्यानुभवाच्या तासाला चौथीतले मुलगे सुया घेऊन बसले, आणि बुरूड कामाची सवय असलेल्या एकानं दोन दिवसांत ताईंना मागं टाकलं.

शेवटच्या आठवड्यात माझा पाठ होता, परिसर अभ्यास, पाण्याचे स्रोत. निरीक्षणाला दोघी. आमच्या पाठनिरीक्षण वहीत शेरे येतात ते ‘फलकलेखन सुधारा’, ‘आवाज चांगला’. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, आधी मलाच विचारलं, "तुला आज नेमकं काय बघायचं होतं?" मी म्हटलं, मला गप्प राहता येतं का ते.

पाठात मी विचारलं होतं, उन्हाळ्यात आपली विहीर आटते, मग पाणी कुठून येतं? विचारलं आणि मनात आकडे मोजत उभी राहिले. एक, दोन, तीन, चार. सातवर पहिल्या बाकावरचा मुलगा काळजीनं पुढं वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, पुढचं विसरल्या का?"