आईच्या डोळ्याचं प्रेशर

आईचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आम्हा सगळ्यांना एकच धास्ती: प्रेशर पुन्हा वाढलं तर? झालं उलटंच. डोळ्याच्या आतल्या दाबाची नेहमीची पातळी साधारण 10 ते 21 मिमी पारा, आईचं उतरलं 4 वर. "धूसर दिसतंय गं, आणि गालावर सारखं पाणी ओघळतंय," ती म्हणत होती. डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंगाचं औषध लावून निळ्या प्रकाशात पाहिलं. डोळ्याच्या आतलं पाणी झिरपायला ऑपरेशनमध्ये वरच्या पापणीखाली केलेल्या फुगवट्यातून हिरवट बारीक धार खाली उतरत होती. म्हणजे गळती. उपाय अगदीच साधा निघाला: पट्टीसारखी एक मोठी कॉन्टॅक्ट लेन्स, आणि वाकणं, वजन उचलणं, डोळा चोळणं बंद. (आईला "वाकू नकोस" सांगणं ऑपरेशनपेक्षा अवघड.) तेवढ्याने भागलं नसतं तर टाका घालावा लागला असता.

कधी व्रण धरून ही पाण्याची नवी वाट बुजते आणि प्रेशर चढतं. म्हणून व्रण आवरणारे स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत.

मला खरी भीती जंतुसंसर्गाची. तो वर्षांनंतरही होऊ शकतो. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडं आली, नजर मंदावली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, रात्र असली तरी. घरात उरलेले थेंब घालून "सकाळी बघू" अजिबात नाही.