आग्रा रोडलाच का जाता? तुम्ही विचारलंत म्हणून

धुळ्यातल्या देवपुरात घर आहे, कोपऱ्यावर दुकानं आहेत, मोबाइलवर साडी मागवली तर तीही दारात येते. मग खरेदी म्हटलं की तुम्ही पूल ओलांडून आग्रा रोडलाच का जाता? हे मला पुण्याची नणंद विचारते, शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई विचारतात, आणि लेक तर दर खेपेला विचारते. गाडी लावायला जागा नाही, धड चालता येत नाही, हॉर्नने कान किटतात. यातलं एकही खोटं नाही. तरी मी जाते. दोन वाक्यांत सांगितलं की कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज नीट सांगते.

आग्रा रोड धुळ्यात आहे, पण तो एकट्या धुळेकरांचा बाजार नाही. तो खेड्यांचा बाजार आहे. शिंदखेडा, साक्री, शिरपूर इथून आणि पारोळा-अमळनेरकडून माणसं इथे येतात, ती वर्षाची खरेदी एका दिवसात उरकायला. मी तशाच एका खेड्यातली. तापीकाठच्या आमच्या गावात 'धुळ्याला जाणं' म्हणजे आग्रा रोडला जाणं, दुसरा अर्थच नव्हता. लग्न होऊन शहरात आले तरी त्या रस्त्याकडे मी अजून गावच्या डोळ्यांनीच बघते.

बाहेरून आलेल्यांना वाटतं, हा बाजार असाच वाढत वाढत पसरला असेल. तसं नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे आला. मुख्य ठाण्यासाठी त्याने धुळं निवडलं. तेव्हा हे पांझरेच्या दक्षिण काठावरचं, नदी आणि पाटाच्या मध्ये दाटलेलं, मळ्यांनी वेढलेलं लहानसं गाव होतं. १८१९ ची नोंद आहे : घरं ४०१, माणसं २,५०९. ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला लांबून कारागीर आणले. व्यापाऱ्यांनी इथे येऊन राहावं म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर पक्कं घर बांधायला उचलही दिली. नवं धुळं सरळ, रुंद रस्त्यांचं आखलं गेलं. आजही तुम्ही पत्ता विचारलात तर लोक 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असंच सांगतात, आणि 'जुनं धुळं' म्हणून निराळा भाग आहेच. म्हणजे व्यापाऱ्याला बोलावून, जागा देऊन वसवलेलं हे गाव. बाजार नंतर आला असं नाही. बाजारासाठी माणसं आली.

मुंबईहून आग्ऱ्याला जाणारा हमरस्ता या वस्तीतूनच जायचा. बैलगाड्या गेल्या, मोटारी आल्या. १९०० मध्ये चाळीसगावहून रेल्वेचा फाटा आला आणि कापसाला आणखी एक वाट मिळाली. सुरत-नागपूर रस्ता आणि सोलापूरकडून येणारा रस्ताही धुळ्यातच येऊन मिळतात. १८१९ मध्ये अडीच हजारांचं असलेलं गाव १८७२ मध्ये साडेबारा हजारांच्या आसपास पोचलं. त्याच वर्षी पांझरेला मोठा पूर आला, घरादारांचं फार नुकसान झालं, तरी गाव हललं नाही. २०११ च्या जनगणनेत हेच शहर पावणेचार लाखांच्या घरात आहे.

पुढे हायवे शहराबाहेरून गेला. ट्रक गेले, लांब पल्ल्याच्या गाड्या गेल्या. रस्त्याचं नाव मात्र राहिलं आणि गिऱ्हाईकही राहिलं. कारण दुकानांचं पोट वाटसरूंवर कधी नव्हतंच, ते होतं कपाशीवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो, विकला जातो, आणि तो पैसा पहिल्यांदा सुटतो तो आग्रा रोडच्या पाच कंदील ते गांधी पुतळा या पट्ट्यात. न्यू प्रताप मिल चालू होती तेव्हा पगाराच्या संध्याकाळी मिलवाल्यांची गर्दी असायची, असं सासरे सांगायचे. मिल बंद पडली. कपाशीचं गिऱ्हाईक उरलं. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी आग्रा रोडचा दुकानदारही हात राखून माल भरतो. पेपर न वाचता मला हंगाम कळतो, कापडाच्या दुकानाच्या पायरीशी किती चपला आहेत त्यावरून.

आता मुद्द्याची गोष्ट, बस्ता. लग्नाचं सगळं कापड दोन्हीकडच्या माणसांनी मिळून एका बैठकीत घ्यायचं, याला आमच्याकडे बस्ता फाडणं म्हणतात. तुळशीचं लग्न उरकलं की सुरू होतं. माझ्या पुतणीचा बस्ता होता तेव्हा दोन काळीपिवळ्या जीपगाड्या भरून माणसं आली होती. दुकानाच्या माडीवर पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीला टेकून म्हाताऱ्या, मधे आम्ही, पोरं जिन्यात. पहिल्यांदा नवरीचा शालू. तो पसंत पडला तसं पाच सवाष्णींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि मग बाकीच्या साड्या उलगडायला सुरुवात झाली. गादीवरचे दुकानदार काका साठीचे असतील. त्यांनी एकदाही 'बजेट किती' असं विचारलं नाही. ते विचारत होते नाती. "आत्या सख्खी का चुलत?" "मामा किती? थोरल्याची मंडळी येणार ना?" "विहिणीला कोणता रंग चालत नाही ते आधी सांगा." उत्तर मिळालं की हात आपोआप त्या कप्प्याकडे जायचा. सख्ख्या आत्याचा ढीग वेगळा, चुलतीचा वेगळा, गावकीत द्यायच्या साड्यांचा तिसरा. माझ्या सासूबाई कोपऱ्यात गप्प होत्या. काकांनी मान वर करून पाहिलं आणि कुणी न सांगता नऊवारीचं बोचकं पुढे ओढलं. "आजी पाचवारी नेसायच्या नाहीत," एवढंच म्हणाले.

टोपी-टॉवेलापर्यंत यायला दिवस कलला. मधे दोनदा चहा झाला. बिल करताना काकांनी एक गठ्ठा वेगळा बांधला : घडी मोडली नसेल तर या लग्नानंतर परत आणा, पैसे वळते करू. पाहुणे किती येतील हे लग्नाआधी कुणालाच ठाऊक नसतं, आणि ही अडचण दुकानाला माहीत असते. दिरांचा थोडा कापूस विकायचा राहिला होता. निम्मे पैसे त्या दिवशी दिले, निम्मे नंतर. कागद एकच, वहीतली नोंद. मोबाइलवरच्या दुकानात मला साडी मिळेल, पण सख्खी आत्या आणि चुलत आत्या यांतला फरक ओळखणारा माणूस मिळणार नाही, आणि कापसाच्या पैशासाठी थांबणारा तर नाहीच.

बस्त्याचं गाठोडं बांधलं म्हणजे खरेदी संपली असंही नाही. रुखवताची तांब्यापितळेची भांडी असतात. त्याच हमरस्त्यावर उत्तरेला असलेलं सोनगीर या भांड्यांसाठी पिढ्यान्पिढ्या नावाजलेलं आहे. सराफ बाजार हाकेच्या अंतरावर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कुंभार घागरी मांडून बसतात आणि शेजारीच डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, ढीग लागतात, कारण पितरांची घागर भरायची तर दोन्ही लागतं. श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या सणाची तयारी : नारळ, नथ, चोळीचं कापड. यातलं बरंचसं दुकानात नाहीच, हातगाडीवर आहे. "काय जोयजे मावशी?" (काय हवं?) असं अहिराणीत विचारणारा गाडीवाला भेटला की खेड्यातून आलेल्या बाईचा आवाज मोकळा होतो. काचेच्या दारापलीकडे ती तशी बोलत नाही. मी हे बघितलेलं आहे, आईच्या बाबतीत बघितलेलं आहे.

या रस्त्याने वाईट दिवसही पाहिले. २००८ च्या ऑक्टोबरात आणि २०१३ च्या जानेवारीत शहरात दंगल झाली, माणसं गेली, संचारबंदी लागली. बांगड्या भरणारा एका समाजाचा, साडीचं दुकान दुसऱ्याचं, ब्लाउज शिवणारा पुन्हा पहिल्याचा, अशी इथली वीण आहे; एकाचं शटर खाली असेल तर दुसऱ्याचाही धंदा होत नाही. तणाव ओसरल्यावर जी माणसं पहिल्यांदा बाजारात आली त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो. २०२० चा लॉकडाउन तर ऐन लगीनसराईत आला.

आणि आता ती गर्दी. दर काही महिन्यांनी अतिक्रमण हटवायची मोहीम निघते, गाड्या उचलतात, चार दिवस रस्ता मोकळा दिसतो, पुन्हा तेच. मला यात चूक दिसते ती अशी, की रस्ता मोजायचा तो चारचाकीच्या रुंदीने. पण इथला खरा गिऱ्हाईक एसटीतून उतरून पायी येतो. त्याला चारचाकीचा काय उपयोग? पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्राचा कायदा स्पष्ट आहे : आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला हलवू नका. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया. पन्नास वर्षांहून जास्त काळ चाललेल्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करायची तरतूदही त्यात आहे. आग्रा रोडला हे सगळं लागू करून बघावं असं मला मनापासून वाटतं. दुपारच्या वेळात पाच कंदीलच्या पट्ट्यात गाड्या बंद, दोन्ही टोकांना वाहनतळ, हातगाड्यांना आखून दिलेली जागा, आणि बायांसाठी स्वच्छ मुतारी. शेवटची गोष्ट मी जाणूनबुजून लिहिते आहे. सकाळी सातला गावाहून निघालेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, ते याच कारणासाठी. दुकानदारांनीही पायरीपुढे माल मांडणं आवरायला हवं. हातगाडीवाल्याकडे बोट दाखवताना आपल्या दुकानाचा साडी नेसवलेला पुतळा फुटपाथवर उभा असतो.

शेजारच्या बाईंना मी सांगितलंय, पुढच्या खेपेला माझ्याबरोबर चला. गाडी घरीच ठेवू, रिक्षाने गांधी पुतळ्यापर्यंत जाऊ आणि तिथून चालत. साडेदहाला पोचलं की दुकानदाराची भवानी व्हायची असते, तो भावाला फार ताणत नाही. अकरानंतर एसटीची गर्दी येते. चारनंतर ती माणसं परतीच्या गाडीकडे निघतात आणि थोडी मोकळीक मिळते. शनिवार-रविवार टाळा, लग्नाची दाट तिथी टाळा. त्यांना मुलाच्या मुंजीसाठी कापड घ्यायचंय. नात्यांची यादी मात्र घरूनच करून आणा म्हटलं, काका विचारणार आहेत.