सहा वर्षांच्या गेमिंग पीसीला एसएसडी बसवताना: माझा अनुभव

२०१९ च्या मे महिन्यात पीसी जोडून घेतला, तेव्हा हातातला सगळा पैसा ग्राफिक्स कार्डावर घातला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, जीटीएक्स १६६० कार्ड. एसएसडीचा (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचा) विषय निघाला होता, पण तेवढ्या पैशात १ टीबी आणि २ टीबी अशा दोन हार्ड डिस्क येत होत्या, म्हणून त्याच घेतल्या. परभणीत आमच्या घरी हाच एक कॉम्प्युटर. मी आणि धाकटा भाऊ गेम खेळतो, अण्णांची शेतीची कागदपत्रं त्यातच असतात.

गेल्या दीड-दोन वर्षांत गेम अडखळायला लागले. जीटीए फाइव्हमध्ये गाडी जोरात पळवली की समोरचा रस्ता आधी पुसट दिसायचा, इमारती ठोकळ्यासारख्या उभ्या राहायच्या आणि दोन-तीन सेकंदांनी त्यांना खिडक्या-दारं फुटायची. मधेच अर्धा सेकंद सगळं गोठायचं. भावाचं एकच म्हणणं, "दादा, कार्ड जुनं झालं, आता नवं घे." मलाही तसंच वाटत होतं. पण कार्डाला वीस-पंचवीस हजार घालायचे, तर आधी नीट बघू म्हणून एका संध्याकाळी गेम चालू ठेवून, कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. कार्ड साठ-पासष्ट टक्क्यांवर होतं, प्रोसेसर पन्नासच्या आसपास. डिस्क शंभर टक्के. आणि त्या शंभर टक्क्यांत वाचलं काय जात होतं, तर सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी.

हे कोडं मला दोन दिवस सुटलं नाही. हीच डिस्क मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला सव्वाशे-दीडशे एमबी देते, मग इथे तीन का? हिशेब मांडल्यावर कळलं. ७२०० आरपीएम (मिनिटाला ७२०० फेऱ्या) म्हणजे तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंद, आणि त्याआधी वाचणारा दांडा योग्य पट्टीवर सरकायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद गेले. म्हणजे वेगवेगळ्या जागी पडलेले तुकडे सेकंदाला सत्तर-ऐंशीच उचलता येणार. मोंढ्यात एका आडतीवरून पन्नास पोती एका फेरीत गाडीत भरता येतात, पण तीच पन्नास पोती पन्नास आडतींवरून एकेक करून आणायची म्हटलं तर हमाल दिवसभर पळतच राहील. गाडी पळवताना गेम डिस्ककडून नेमकं हेच काम करून घेत होता. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, तुकडा कुठेही असो, मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात हातात येतो. माझा पीसी ज्याची वाट बघत होता ते कार्ड नव्हतं, हे मला त्या दिवशी पटलं. पुढे कळलं की स्टारफिल्ड या गेमने किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली आहे आणि सायबरपंक २०७७ नेही २०२३ पासून हार्ड डिस्कचा आधार सोडला.

तरी मी लगेच काही केलं नाही. केलं ते सप्टेंबरनंतर.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर काय पाऊस कोसळला ते इथे सांगायची गरज नाही. आमच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी होतं. अण्णांनी बांधावर उभं राहून मोबाइलवर फोटो काढले, मी ते रोजच्या रोज कॉम्प्युटरवर घ्यायचो. सातबारा, पीकविम्याच्या पावत्या, पंचनाम्याचे कागद, सगळं एका फोल्डरमध्ये. आणि त्याच आठवड्यात १ टीबीच्या डिस्कमधून टिक्... टिक्... टिक् असा आवाज यायला लागला. घड्याळासारखा, पण मधेच थांबणारा. लाईट दिवसातून चार वेळा जायची, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे चालू पीसी धाडकन बंद पडायचा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं तर एरवी निळी असणारी खूण पिवळी झाली होती. सी५ नावाच्या ओळीत आकडा दिसत होता. डिस्कवरचे जे सेक्टर (माहितीचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे, त्यांची ती मोजणी. दोन दिवसांनी पाहिलं, आकडा वाढला होता. विंडोज आणि अण्णांचं फोल्डर, दोन्ही याच डिस्कवर.

इथून पुढे कामाचा क्रम बदलला. गेम बाजूला, आधी कागद. २ टीबीची दुसरी डिस्क ठणठणीत होती, तिच्यावर फोल्डर ओढून टाकलं तर कॉपी बत्तीस टक्क्यांवर अडकली आणि पाऊण तास तिथेच. खराब सेक्टर आला की विंडोज त्यावर डोकं आपटत बसतं, आणि तेवढा वेळ दुबळी डिस्क उगाच राबते. मग विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी हे कॉपीचं साधन वापरलं. त्यात एक गोष्ट आधीच सांगावी लागते: फाइल वाचता आली नाही तर एकदाच पुन्हा बघ, एक सेकंद थांब आणि पुढे जा. नाही सांगितलं तर ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी तीस सेकंद थांबून. मी ते दोन्ही आकडे एकवर आणले, रात्री लावून दिलं. सकाळी उठून नोंद पाहिली: सगळं उतरलं होतं, तीन फोटो सोडून. तेच सगळं पेनड्राइव्हवर आणि गुगल ड्राइव्हवरही टाकलं. त्यानंतरच मला शांतपणे एसएसडी बघता आली.

आमच्याकडे कॉम्प्युटरचा माल म्हटलं की हैदराबाद आठवतं. मामेभाऊ सिकंदराबादला असतो, दिवाळीला देवगिरी एक्स्प्रेसने येणारच होता. त्याला चिनॉय ट्रेड सेंटरमधून १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) आणायला सांगितली. घेण्याआधी मदरबोर्डाचं मॅन्युअल वाचायला त्याला नव्हे, मलाच बसावं लागलं, आणि ते बरं झालं. बोर्डावरच्या एम.२ नावाच्या खाचेत बसणाऱ्या एसएसडी दिसायला सारख्या, पण काही आतून साटाच्या (हार्ड डिस्क जोडतात त्या जुन्या पद्धतीच्या) असतात आणि सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या पुढे जात नाहीत. बहुतेक साटावाल्यांना कडेला दोन खाचा असतात, एनव्हीएमईला साधारण एक. माझा बी४५० बोर्ड पीसीआयई (एनव्हीएमई ज्या वाटेने जोडली जाते ती) तिसऱ्या पिढीचा, म्हणजे साडेतीन हजार एमबी ही वरची हद्द. चौथ्या पिढीची महागडी डिस्क चालली असती, पण तिचा वेग वायाच गेला असता. मी टीएलसीची (एका पेशीत तीन बिट साठवणारी), साधी, पाच हजारांच्या आतली घेतली. गेमसाठी स्वतःची डीरॅम (चटकन वापरायची छोटी मेमरी) नसलेली डिस्कही पुरते असं माझं मत आहे. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) मात्र मी टाळली, कारण मोठं लिखाण चालू असताना तिचा वेग फार खाली येतो.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार (कंपनीची मोफत अपडेट) संपला होता, म्हणून क्लोनच्या (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्याच्या) भानगडीत न पडता नव्या डिस्कवर सरळ विंडोज ११ टाकायचं ठरवलं. तसंही सेक्टर खराब असलेल्या डिस्कचं क्लोन करणं म्हणजे तिचं दुखणं पुढे चालवणं. रायझन २६०० विंडोज ११ च्या यादीत बसतो. फक्त बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागली आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट (सुरू) होण्याची सोय, बंद. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची होती, त्यामुळे सीएसएम बंद केल्यावर ती बूट होणार नाही हे माहीत होतं. आठ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह त्याआधीच तयार करून ठेवला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कॅबिनेट ओसरीत आणून उघडलं. आतमध्ये काळ्या मातीचा थर, बोटाने रेघ ओढावी असा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं, नाहीतर हवेच्या जोराने पंखा वेड्यासारखा फिरतो. अण्णा दारातून बघत होते. "कामून उघडलंस रे चांगल्या चालत्याला?" म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, तुमचे कागद ज्या डिस्कमध्ये होते ती जायला लागली." मग ते खुर्ची घेऊन शेजारीच बसले, शेवटपर्यंत.

एम.२ ची खाच कार्डाच्या बरोबर खाली. कार्ड काढायला मागचे दोन स्क्रू, पॉवरची केबल आणि स्लॉटच्या टोकाची ती बारीक पट्टी, जी दाबल्याशिवाय कार्ड हलत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग एसएसडी उचलली. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. तिरकी धरून खाचेत सरकवली, सोनेरी दात आत गेले, आणि सोडल्यावर दुसरं टोक स्प्रिंगसारखं वर राहिलं. ते खाली दाबून एका स्क्रूने बसवायचं असतं. स्क्रू नव्हता. तो बोर्डाच्या खोक्यातल्या पुडीत येतो आणि खोकं २०१९ मध्ये जोडणाऱ्या दुकानातच राहिलं असावं.

घरातले सगळे स्क्रू लावून बघितले, चष्म्याचेही. एकही बसेना, आणि जबरदस्ती करून बोर्डाचा आटा मारायचा नव्हता. शेवटी एसएसडी तिच्या पाकिटात घालून, तो स्क्रू ज्यात बसतो ती बोर्डावरची पितळी नळी काढून खिशात टाकून स्टेशन रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बामच्या डबीतून स्क्रू काचेवर ओतले, चुंबकाच्या पेचकसाने एकेक उचलून नळीत फिरवून बघितला. चौथा दोन बोटांनी अलगद शेवटपर्यंत गेला. "हाच. हाताने जातो म्हणजे आटा बरोबर. पेचकसाने नुसतं टेकवा, आवळू नका." पैसे विचारले तर हसला. "स्क्रूचे काय पैसे घ्यायचे दादा?"

विंडोज टाकताना मी दोन्ही हार्ड डिस्कच्या केबल काढून ठेवल्या होत्या. हे कुणी विसरू नये. इतर डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोज कधी कधी बूटचा भाग जुन्या डिस्कवर ठेवतं, आणि पुढे ती डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही. बाकी इन्स्टॉलेशन सरळ झालं. लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असल्याने नेट लागताच आपोआप चालू झालं.

धक्का नंतर बसला. २ टीबीची केबल लावली आणि डिस्क दिसेना. बायॉसमध्ये नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाही. अण्णांची कागदपत्रं आता तिच्यावर होती. पेनड्राइव्हवर आहेत, गुगल ड्राइव्हवर आहेत हे माहीत असूनही पोटात गोळा आला. केबल बदलली, पॉवरचं टोक बदललं. मग मॅन्युअलमध्ये साटाच्या आकृतीखाली बारीक अक्षरांत सापडलं: एम.२ खाच वापरात असेल तर पाच आणि सहा नंबरचे साटा पोर्ट बंद होतात. माझी केबल सहामध्ये होती. दोनमध्ये लावली, डिस्क समोर. सगळ्या बोर्डांवर असं नसतं, पण ज्यांच्यावर असतं त्यांनी ते पहिल्या पानावर ठळक छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गेम २ टीबीवर होते, ते पुन्हा डाउनलोड करायचा प्रश्न नव्हता. आमच्या पन्नास एमबीपीएसच्या लाइनवर शंभर जीबीचा गेम म्हणजे साडेचार तास. ज्यातून गेम घेतो त्या स्टीम ॲपच्या स्टोरेज विभागातून गेम निवडून नव्या डिस्कवर हलवले. भाऊ वेग बघून नाराज झाला, "एकशेतीसच दाखवतंय, डिस्क खराब निघाली की काय?" त्याला सांगितलं, देणारी जुनीच आहे, ती जेवढं देईल तेवढंच घेणारीला मिळणार. एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवली होती: १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

मोबाइलचं घड्याळ लावून मोजलं. बटन दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत आधी साडेचार मिनिटं लागायची, आता बावीस सेकंद. जीटीएची एकट्याची मोहीम उघडायला आधी पावणेदोन मिनिटं, आता अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं)? सरासरी जिथे होती तिथेच, सत्तरच्या आसपास. एसएसडीने फ्रेम वाढतात असं कुणी सांगत असेल तर त्या आशेवर पैसे घालू नयेत. गेलं ते अडखळणं. आता कितीही जोरात गाडी पळवा, रस्ता समोर तयार असतो. आणि सगळा दोष डिस्कचाही नसतो. जीटीए ऑनलाइनचं ते कुप्रसिद्ध लोडिंग एसएसडीवरही लांबायचं, कारण दहा एमबीची एक यादी गेम फार वेड्यावाकड्या पद्धतीने वाचत होता. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने ते शोधून दाखवलं आणि मग कंपनीने दुरुस्त केलं.

बोर्डावर एम.२ ची एकच खाच आहे, म्हणून मोठे जगवाले तीन-चार गेम एसएसडीवर आणि जुने, छोटे गेम २ टीबीवर अशी वाटणी केली. यूपीएसला नवी बॅटरी टाकली. एसएसडी मरताना टिकटिक करून सांगेलच असं नाही, म्हणून दर रविवारी अण्णांचं फोल्डर पेनड्राइव्हवर जातं. न उतरलेल्या तीन फोटोंपैकी दोन अण्णांनी गावातल्या ग्रुपवर टाकले होते, तिथून मिळाले. तिसरा खालच्या बांधाचा होता, तो नाही मिळाला. जुनी डिस्क टाकून दिली नाही. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं, "सी५ वाढतोय, वापरू नये, एक फोटो बाकी", आणि कपाटात ठेवली.